४२९४९६७२९७ ची उलटतपासणी

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दहा अंकी, विषम, शेवटी ७. नुसतं पाहून या संख्येबद्दल याहून जास्त काही सांगता येणार नाही. पण हिनेच पियेर द फर्मासारख्या पट्टीच्या गणितज्ञाला चकवलं, आणि त्याची चूक उघडकीला यायला ब्याण्णव वर्षं लागली.

चूक एका साध्या प्रश्नाच्या उत्तरात होती: ही संख्या मूळ आहे की संयुक्त? जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ. जिला जातो ती संयुक्त. ७ मूळ, १५ संयुक्त. लहान संख्यांचं उत्तर डोळ्यांनी दिसतं. दहा अंकी संख्येला मात्र बोलतं करावं लागतं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तम.

शाळेतल्या कसोट्यांपासून सुरुवात करू. संख्या विषम आहे, म्हणजे २ गेला. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणजे ५ गेला. अंकांची बेरीज ५९ येते, तिला ३ ने भाग जात नाही, ३ गेला. ११ साठी एकाआड एक अंक मिळवायचे: ७+२+६+४+२ म्हणजे २१, आणि उरलेले ९+७+९+९+४ म्हणजे ३८. फरक १७, त्याला ११ ने भाग जात नाही. ७ ने भागलं तर बाकी ५ उरते, १३ ने भागलं तर १०.

असं कुठवर करायचं? वर्गमुळापर्यंत. एखाद्या संख्येचे दोन अवयव पाडले तर दोघंही वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत, नाहीतर त्यांचा गुणाकारच संख्येच्या पुढे जाईल. आपल्या संख्येचं वर्गमूळ ६५५३६ च्या केसभर पुढे आहे, आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. म्हणजे वाईटात वाईट ६५४२ भागाकार. हाताने करायचे तर महिने जातील.

यातून सुटायचं तर संख्या दिसते कशी ते सोडून ती बनली कशी ते बघावं लागतं.

६५५३६ हा आकडा संगणकाशी संबंध असलेल्यांना ओळखीचा वाटला असेल. तो २ चा १६ वा घात. त्याचा वर्ग केला की २ चा ३२ वा घात मिळतो, ४२९४९६७२९६. त्यात १ मिळवला की आपली संख्या. ही एकटी नाही, तिच्यामागे एक वंशावळ आहे. ३ घ्या. त्यातून १ वजा करा, वर्ग करा, १ मिळवा: ५. पुन्हा तेच करा: १७. पुन्हा: २५७. पुन्हा: ६५५३७. पुन्हा: ४२९४९६७२९७. या सगळ्या 'फर्मा संख्या'. पहिल्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७, मूळ आहेत. फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांमधून असं मत मांडलं की हा क्रम कितीही पुढे नेला तरी मूळ संख्याच मिळत राहतील. सिद्धता आपल्याकडे नाही हे तो कबूल करत होता, पण विश्वास पक्का होता. पाच उदाहरणं सलग जुळली की कोणाचाही बसतो.

१७२९ मध्ये ख्रिस्तियान गोल्डबाखने एका पत्रात तरुण लिओनार्ड ऑयलरला विचारलं, फर्माचं हे म्हणणं तुला ठाऊक आहे का? ऑयलरने १७३२ मध्ये उत्तर दिलं: सहावी संख्या मूळ नाही, तिला ६४१ ने भाग जातो.

हे आपल्याला तीन पायऱ्यांत पडताळता येतं, दहा अंकी भागाकाराला हातही न लावता. युक्ती अशी की भागाकारात फक्त बाकी सांभाळायची, बाकीचं सोडून द्यायचं. २ चा ८ वा घात २५६. त्याचा वर्ग ६५५३६. त्याला ६४१ ने भागलं की १०२ वेळा जाऊन १५४ उरतात. आता १५४ चा वर्ग २३७१६; तो ६४१ ने ३६ वेळा जाऊन ६४० उरतात. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताला ६४१ ने भागलं तर बाकी ६४०. त्यात १ मिळवला की ६४१, आणि भाग पूर्ण गेला. भागाकार ६७००४१७ येतो.

याच गोष्टीची आणखी एक सिद्धता आहे, आणि मला ती जास्त आवडते. ६४१ हे ५ × १२८ + १ असं लिहिता येतं, आणि ६२५ + १६ असंही. पहिल्या रूपावरून दिसतं की ५ गुणिले २ चा ७ वा घात ही संख्या ६४१ पेक्षा एकाने कमी, म्हणजे तिची बाकी 'उणे १' धरता येईल. तिचा चौथा घात घेतला की बाकी १ होते: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता दुसरं रूप वापरा. ६२५ म्हणजे ६४१ ला १६ कमी, म्हणून ६२५ च्या जागी 'उणे १६', म्हणजे उणे २ चा ४ था घात, ठेवता येतो. ४ आणि २८ मिळून ३२. म्हणजे उणे २ च्या ३२ व्या घाताची बाकी १, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी 'उणे १', आणि त्यात १ मिळवून झालेल्या आपल्या संख्येची बाकी शून्य. मोठी आकडेमोड कुठेच नाही.

पण हे सगळं ६४१ कोणीतरी कानात सांगितल्यावर. मुळात ६४१ सापडावा कसा?

त्यासाठी २ च्या घातांच्या बाक्यांचं चक्र पाहावं लागेल. ७ ने भागत चला: २, ४, १, २, ४, १... दर तीन पावलांनी चक्र पुरं. १७ ने भागा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, आणि पुन्हा २. आठ पावलांचं चक्र. ३ ने ६ ला भाग जातो, ८ ने १६ ला. हा योगायोग नाही. भाजक मूळ असेल (आणि २ नसेल) तर चक्राची लांबी नेहमी त्या भाजकापेक्षा एकाने लहान असलेल्या संख्येला पूर्ण भागते. १७ च्या चक्रात आणखी एक गोष्ट आहे: चौथ्या पावलावर, बरोबर अर्ध्या वाटेवर, १६ ही बाकी येते, म्हणजे 'एक कमी'. १७ हा २ च्या ४ थ्या घाताहून एकाने मोठा आहे, म्हणूनच.

आता समजा एखादी मूळ संख्या आपल्या ४२९४९६७२९७ ची अवयव आहे. मग तिच्या चक्रात ३२ व्या पावलावर 'एक कमी' आणि ६४ व्या पावलावर १ आलीच पाहिजे. म्हणजे चक्राची लांबी ६४ ला भागते, पण ३२ ला भागत नाही. असा आकडा एकच, स्वतः ६४. तेव्हा त्या मूळ संख्येतून १ वजा केला तर उरलेल्याला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

चाळणी केवढी बारीक झाली बघा. ६४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्या: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला ऐवज हाती. पुढे एडुआर लुकाने दाखवलं की ६४ ऐवजी १२८ चालतो. मग उमेदवार उरतात २५७ आणि ६४१, आणि २५७ का चालणार नाही ते थोड्या वेळात कळेल. म्हणजे खरं तर पहिलाच घाव वर्मी.

मौजेची गोष्ट ही की चक्राच्या लांबीचा हा नियम फर्माचाच आहे. 'फर्माचा छोटा सिद्धांत' म्हणून तो ओळखला जातो आणि त्याने तो कळवला त्याच वर्षी, १६४० मध्ये. हत्यार त्याच्याच हातात होतं. अगदी काहीही न वापरता २, ३, ५, ७ असं ओळीने भागत गेला असता तरी ६४१ ही फक्त ११६ वी मूळ संख्या आहे. दोन-चार दिवसांचं काम. आपल्या म्हणण्यावर त्याने हा नियम लावून पाहिला होता की नाही, आणि पाहिला असेल तर कुठे घसरला, याचा विचार करताना मला नेहमी थोडं बरं वाटतं. आकडेमोडीत इतका मोठा माणूसही चुकतो.

उलट टोकाला झेरा कोलबर्न. १८०४ मध्ये जन्मलेला हा अमेरिकन मुलगा लहानपणी तोंडी हिशेबांसाठी गाजला होता. आठेक वर्षांचा असताना लंडनमध्ये त्याला याच संख्येचे अवयव विचारले गेले. कागदाविना, डोक्यातल्या डोक्यात, त्याने ६४१ आणि ६७००४१७ सांगितले. हिशेब कसा केला हे विचारलं तर त्या वयात त्याला ते सांगता येत नसे.

आता दुसरा अवयव, ६७००४१७, मूळ आहे का? ही संख्या साठ लाखांच्या वर, पण तिचा कोणताही मूळ अवयव आपल्या मोठ्या संख्येचाही अवयव असणार, म्हणून त्यालाही १२८ च्या पटीत एक मिळवलेलं रूप हवं. वर्गमूळ २५८८ च्या जवळ. तिथपर्यंत अशा रूपाच्या मूळ संख्या किती? २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बस्स, पाच. त्यांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. सात अंकी संख्येचा निकाल पाच भागाकारांत.

संयुक्त असण्याचा एक वेगळाच पुरावा वर्गांमधून मिळतो. ४२९४९६७२९७ ही दोन वर्गांची बेरीज आहे हे तर उघड आहे: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. पण ती आणखी एका प्रकारे दोन वर्गांची बेरीज होते: ६२२६४ चा वर्ग ३८७६८०५६९६, २०४४९ चा वर्ग ४१८१६१६०१, बेरीज ४२९४९६७२९७. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असेल तर ती एकाच प्रकारे असू शकते. इथे दोन प्रकार सापडले, तिथेच सोंग उघडं पडलं.

आणि या दोन प्रकारांतून अवयवही उपसता येतात. ६५५३६ आणि ६२२६४ यांतला फरक ३२७२, बेरीज १२७८००. २०४४९ आणि १ यांतला फरक २०४४८, बेरीज २०४५०. दोन फरकांचा मसावि ८, दोन बेरजांचा मसावि ५०. या दोघांची निमपट, म्हणजे ४ आणि २५, घेऊन वर्गांची बेरीज करा: १६ + ६२५ = ६४१! दोन फरकांना ८ ने भागून ४०९ आणि २५५६ मिळतात. त्यांचे वर्ग १६७२८१ आणि ६५३३१३६, बेरीज ६७००४१७. पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा मी आकडे पुन्हा तपासले होते. तुम्हीही तपासा.

आता वंशावळीकडे परत. पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार करून पाहा. ३ × ५ = १५. १५ × १७ = २५५. २५५ × २५७ = ६५५३५. ६५५३५ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. प्रत्येक वेळी पुढच्या फर्मा संख्येपेक्षा बरोबर २ कमी. म्हणून आपल्या संख्येला ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांपैकी कशानेही भागलं तरी बाकी २ च उरणार. वर २५७ ला आपण न भागता रजा दिली ती याच कारणाने. गोल्डबाखने याच गुणधर्मातून मूळ संख्या अनंत आहेत हे सिद्ध केलं: कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणजे प्रत्येक नवी फर्मा संख्या किमान एक नवी मूळ संख्या घेऊन येते, आणि फर्मा संख्या तर संपत नाहीत.

४२९४९६७२९५ या शेजाऱ्याला भूमितीत मान आहे. कार्ल फ्रीड्रिख गाउसने १७९६ मध्ये दाखवलं की फक्त पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या आकृतींसाठी बाजूंची संख्या ही वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. आज माहीत असलेल्या अशा आकृतींपैकी सर्वांत मोठीच्या बाजू ४२९४९६७२९५. योहान गुस्टाव्ह हेर्मेसने ६५५३७ बाजूंच्या आकृतीच्या रचनेवर दहा वर्षं घालवली, १८९४ मध्ये काम संपवलं, आणि ते हस्तलिखित गटिंगेन विद्यापीठात ठेवलेलं आहे. ते पूर्ण वाचलेला माणूस असेल का, देव जाणे.

संगणकाच्या भाषेत आपली संख्या फार सोपी लिहिली जाते: १, मग एकतीस शून्यं, मग १. तेहतीस बिट. ३२ बिटांच्या खणात ० ते ४२९४९६७२९५ एवढंच मावतं, त्यामुळे तिथे ४२९४९६७२९७ ठेवायला गेलात तर पुढचा १ गळून पडतो आणि खणात नुसता १ उरतो. इंटरनेटच्या जुन्या, आयपीव्ही-४ पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्याही ४२९४९६७२९६ च, आपल्याहून एक कमी.

फर्माला झालेली फसगत आजच्या संगणकालाही होऊ शकते. संख्या मूळ आहे का हे झटपट तपासायची एक कसोटी त्याच छोट्या सिद्धांतावर चालते: २ चा, संख्येहून एकाने कमी एवढा, घात घ्या आणि संख्येने भागा. बाकी १ सोडून काही आली तर संख्या नक्की संयुक्त. ४२९४९६७२९७ ला ही कसोटी लावा. २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ येते, आणि ४२९४९६७२९६ हा ६४ च्याच पटीत आहे, म्हणून बाकी पुन्हा १. संयुक्त असूनही संख्या कसोटीतून सहीसलामत सुटली. सगळ्याच फर्मा संख्या अशा सुटतात, कारण त्या मुळात २ च्या घातांपासूनच घडलेल्या आहेत. घरच्याच माणसाला साक्षीला बोलावल्यासारखं आहे हे.

मग साक्षीदार बदलायचा. २ ऐवजी ३. तेओफिल पेपँ या फ्रेंच गणितज्ञाने १८७७ मध्ये फर्मा संख्यांसाठी कसोटी दिली, ती कधीच चुकत नाही. आपल्या संख्येसाठी ती अशी: ३ चा वर्ग करा, आलेल्याचा वर्ग करा, असं ३१ वेळा, दर वेळी ४२९४९६७२९७ ने भागून बाकीच ठेवत. संख्या मूळ असती तर शेवटी 'एक कमी', म्हणजे ४२९४९६७२९६ आली असती. येते १०३२४३०३. खटला संपला.

गंमत अशी की या निकालात ६४१ चा पत्ताच नाही. पेपँची कसोटी 'संयुक्त' एवढंच सांगते, अवयव सांगत नाही. छोट्या संख्येत हा फरक जाणवत नाही. पुढे गेलं की जाणवतो. आपल्या संख्येनंतरची, म्हणजे २ चा ६४ वा घात अधिक १, ही १८८० मध्ये फुटली: २७४१७७ गुणिले ६७२८०४२१३१०७२१. त्यापुढची फुटायला १९७० साल उजाडलं. ६५५३७ नंतर आजवर एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही. २ चा घात १०४८५७६ असलेल्या फर्मा संख्येत ३१५६५३ अंक आहेत. ती संयुक्त आहे हे पेपँच्या कसोटीने पक्कं ठरलं आहे, आणि तिचा एकही अवयव आजपर्यंत कोणाला सापडलेला नाही.